साबण काळा पडेपर्यंत

ती शिडी मला आजही जशीच्या तशी दिसते. या वयात माणसांचे चेहरे पुसट होत चाललेत, काल भेटलेल्याचं नाव आज आठवत नाही. पण त्या शिडीचा उजवा दांडा, दांड्यावरची वीतभर जागा आणि तिथले कानशीचे ओरखडे, यातलं काहीच पुसलं गेलेलं नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. त्यातलं फारसं काही मनाला लागून राहिलं नाही. हे एक राहिलं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली, नागपूरची. मी तेव्हा फौजदार होतो. वय तिशीच्या आत आणि डोक्यात हवा भरपूर. दोन-तीन गुन्हे झटपट उघडकीला आणले होते, त्यामुळे तोंडाकडे पाहून गुन्हेगार ओळखता येतो असा माझा ठाम समज झाला होता. या लेखात मी कुणाचंही नाव घेणार नाही. जे गेले ते गेले, जे असतील त्यांच्या घरी आता नातवंडं असतील. उगाच कशाला जुनी जखम उघडा.

एका मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास ठाण्यात खबर आली, की बर्डीजवळ दिव्याच्या खांबावर काम करणारा एक जण शिडीवरून पडला. आम्ही पोचेपर्यंत लोकांनी त्याला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी तपासून मयत घोषित केलं. डोकं फुटपाथच्या दगडावर आपटलं होतं. वय पंचवीस-सव्वीस, लग्न ठरलेलं. एका खासगी ठेकेदाराकडे तो कामाला होता. रस्त्यावरचे दिवे आणि दुकानांच्या पाट्यांचे दिवे लावण्याची कामं हा ठेकेदार घ्यायचा.

आकस्मिक मृत्यूची नोंद केली, दोन पंच बोलावले आणि पंचनाम्याला बसलो. शिडी लाकडाची नव्हती, बांबूचीही नव्हती. पांढऱ्या, हलक्या धातूची, एकात एक सरकणाऱ्या दोन भागांची. तशी शिडी नागपुरात तेव्हा क्वचितच दिसायची. ठेकेदाराने ती कलकत्त्याहून मागवली होती आणि समोर माणूस मेलाय तरी त्याचं कौतुक थांबेना. "साहब, एक हाथ से उठती है. हवाई जहाज बनता है ऐसे माल से. ये टूट ही नहीं सकती!" उचलली जीभ लावली टाळ्याला. तुटलेली शिडी त्याच्या पायाशी पडली होती.

खालच्या भागाचा उजवा दांडा, जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर, गुडघा दुमडावा तसा दुमडला होता आणि बाहेरच्या अंगाने फाटला होता. जवळ जाऊन पाहिलं तर बरोबर त्याच जागी कानशीचे ओरखडे. बाकी शिडी धुळीने आणि वापराने मळलेली, तेवढी वीतभर जागा चकचकीत. माझे कान टवकारले. मी पंचनाम्यात लिहिलं, 'सदर ठिकाणी कानशीने घासल्याचे ताजे ओरखडे दिसून येतात. दांडा घातपाताच्या उद्देशाने कमजोर केला असावा.' शिडीला कापड गुंडाळून लाखेचं सील केलं, मुद्देमालाच्या रजिस्टरला नोंद घेतली आणि मालखान्यात ठेवून दिली.

दुपारी मयताचे वडील ठाण्यात आले. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. इतवारीत जर्मनच्या भांड्यांच्या कारखान्यात त्यांची हयात गेली होती. आपल्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात हे नव्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल. पातेली, परात, डबे, सगळं जर्मनचं. मिस्त्री काटक, उंच, बोटांची पेरं सुजल्यासारखी जाड. बायको पूर्वीच गेलेली, हा एकच मुलगा. ते रडत नव्हते. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"साहेब, माहा पोट्टा दहा वर्षं खांबावर चढून राहिला. त्याचा पाय चुकू शकत नाही. काय झालं ते मले सांगा."

मी म्हणालो, "घातपाताचा संशय आहे. त्याचं कुणाशी वाकडं होतं का?"

ते नाही म्हणाले. शिडी कुठे मोडली, कशी मोडली, त्यावर काय दिसलं, हे मी त्यांना सांगितलं नाही. फिर्यादीला तपासाचा तपशील सांगू नये हा नियम, आणि मी नियमाचा पक्का. मी त्यांना वैर विचारलं, शिडीबद्दल अवाक्षर विचारलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते माझ्या बाबतीत अक्षरशः खरं झालं. तेव्हाच त्यांना मालखान्यात नेऊन ती वीतभर जागा दाखवली असती, तर तपास तिथल्या तिथे संपला असता आणि एका निरपराध माणसाने माझ्या हातचा मार खाल्ला नसता.

दोन दिवसांनी टीप मिळाली. त्या रस्त्यावरचा पानठेलेवाला आमच्या हवालदारांच्या ओळखीचा. तो म्हणाला, तीन आठवड्यांपूर्वी मयत आणि त्याचा जोडीदार ठेल्यासमोर कडाक्याचे भांडले होते. "शिडीवरूनच भांडून राहिले होते, साहेब. जोडीदारानं याची कॉलर धरली अन् म्हने, एक दिवस मरशील तू अन् मलेबी मारशील."

हा जोडीदार पारशिवनीकडच्या एका खेड्यातला. आईबाप नव्हते. मिस्त्रींच्याच गल्लीत खोली घेऊन राहायचा, रविवारी त्यांच्याकडे जेवायचा. मयत खांबावर चढायचा तेव्हा शिडी धरायचं काम याचं. त्या दिवशीही शिडी त्यानेच धरली होती. त्याची पेटी झडतीत घेतली तर आत कानस निघाली आणि कानशीच्या दातांत पांढऱ्या धातूचा कीस. मला आणखी काय हवं होतं? भांडण आहे, हत्यार आहे, संधी आहे. त्याच दिवशी मी त्याला अटक केली, दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं करून पोलीस कोठडी घेतली.

मिस्त्रींना कळवलं तेव्हा ते पहिल्यांदा खाली बसले. ठाण्याच्या पायरीवरच बसले. "ज्याले मी माह्या ताटातलं देल्लं..." एवढंच बोलले आणि मग इतक्या मोठ्याने ओरडले की आतला ठाणे अंमलदार बाहेर आला. "त्याले सोडू नका, साहेब! त्याले फाशी द्या!" त्या दिवसापासून ते रोज सकाळी दहाला यायचे आणि समोरच्या कडुनिंबाखाली बसायचे. आरोपीला कोर्टात नेताना त्याच्याकडे पाहायचे. तो मान वर करायचा नाही.

चौकशीबद्दल लिहायला लाज वाटते, पण लिहितो. कानस कशाला होती विचारलं तर म्हणाला, ॲल्युमिनियमच्या केबलची टोकं साफ करायला लागते. ते खरंही होतं, ठेकेदाराच्या प्रत्येक कामगाराच्या पेटीत कानस होती, मी बाकीच्या पेट्या पाहिल्याच नव्हत्या. भांडण कशावरून झालं विचारलं तर गप्प. शिडीला कानस कोणी मारली विचारलं तर गप्प. नजर जमिनीत गाडलेली. मी दोन थोबाडीत मारल्या. नंतर आणखीही मारल्या. तिसऱ्या दिवशी तो एकदम म्हणाला, "माह्यामुळंच मेला तो, साहेब. लिहून घ्या तुम्ही."

मी खूश. हवालदारांना म्हणालो, बघा, झालं की नाही काम. हवालदार म्हणजे पंचवीस वर्षं नोकरी झालेला माणूस. ते तंबाखू मळत म्हणाले, "साहेब, रागावू नका, पण हा मी मारलं म्हणून राहिला अन् कसं मारलं ते सांगून नाही राहिला. गुन्हेगाराचं उलटं असते. तो कसं झालं ते सगळं सांगते अन् मी नव्हतो म्हणते." पुढे तीस वर्षांच्या नोकरीत मी हे वाक्य कितीतरी नव्या फौजदारांना ऐकवलं. त्या दिवशी मात्र मी हवालदारांवरच खेकसलो.

आणखी एक गोष्ट. कोठडीवरचा शिपाई सांगायचा, की हा रोज एकच विचारतो, मिस्त्री जेवले का. मी म्हणालो, नाटकं आहेत.

कोर्टात टिकायचं तर दांडा घासल्यामुळेच मोडला असा तज्ज्ञाचा दाखला हवा होता. शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात धातूशास्त्राचे एक प्राध्यापक होते. सीलबंद शिडी घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. दाखला हवा, लवकर हवा, असं जरा रुबाबातच सांगितलं. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "निष्कर्ष तुम्ही आणलाय आणि सही माझी पाहिजे, असंच ना?" मी शिडी त्यांच्या ताब्यात दिली. चार दिवसांनी या म्हणाले.

चार दिवसांनी गेलो तर टेबलावर दांड्याचे दोन लहान तुकडे, आरशासारखे घासलेले. आधी त्यांनी जाडी मोजून दाखवली. कानशीने जो माल गेला होता तो वहीच्या पानाएवढाही नव्हता. "याने शिडी मोडत नाही. हे कमजोर करायला घासलेलं नाही, साफ करायला घासलंय. आणि हे फाटलेलं पाहा. करवत लावली असती तर कड सरळ आली असती. ही आधी दबली, दुमडली, ताणली गेली आणि मग फाटली. इथे धातू मऊ होता."

मी म्हणालो, "एकाच दांड्यात एक जागा मऊ आणि बाकी कडक, असं कसं?"

त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. पहिला तुकडा दांड्याच्या चांगल्या भागातला. त्यात धातूचे कण लांबट, चपटे, एकमेकांना खेटून बसलेले दिसले. धातूलाही कण असतात हे मला तेव्हा कळलं. दुसरा तुकडा मोडलेल्या जागेचा. तिथे तेच कण मोठे, गोलसर, फुगलेले. एकाच दांड्यातले ते तुकडे आहेत हे सांगूनही पटलं नसतं.

"पण खरी गोम याहून बारीक आहे, या यंत्रातही दिसत नाही," प्राध्यापक म्हणाले. "हे शुद्ध ॲल्युमिनियम नाही, मिश्रधातू आहे. यात दुसरे धातू थोडेथोडे घालतात आणि कारखान्यात ठरावीक उष्णता देऊन त्यांचे अतिबारीक कण आतमध्ये सगळीकडे पसरवतात. धातू वाकतो म्हणजे त्याचे थर एकमेकांवर सरकतात. हे कण त्या सरकण्याला अडवतात. तुम्ही अधिवेशनात मोर्चाला बंदोबस्त लावता ना? शंभर शिपाई रस्त्यावर हाताहाताच्या अंतराने उभे केले तर मोर्चा अडतो. तेच शंभर चार कोपऱ्यांत जमून चहा पीत बसले तर?"

"मधून गर्दी निघून जाईल."

"शिपाई तेवढेच, पण बंदोबस्त गेला. या जागी तसं झालंय. कोणीतरी ही जागा खूप तापवली. बारीक कण आपापल्या जागा सोडून मोठे गोळे झाले आणि मधली वाट मोकळी झाली. वरून पाहिलं तर काही कळत नाही. रंग तोच, जाडी तीच. ताकद मात्र निम्मीही राहिली नाही. आधीही तो चढला असेल, तेव्हा ती थोडी थोडी लवली असेल. त्या दिवशी वजन जास्त होतं का?"

होतं. खांद्यावर लोखंडी ब्रॅकेट घेऊन चढला होता.

मग त्यांनी दांड्याच्या आतल्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे काळी, करपलेली पापडी चिकटली होती. कानस तिथपर्यंत पोचली नव्हती. "हे काय असावं, मला सांगता येत नाही," ते म्हणाले. माझ्यासोबत हवालदार होते. त्यांनी नखाने थोडी खरवडली, पाण्याचं बोट लावून चोळली, वास घेतला. "साहेब, हा तं साबण आहे."

साबण! शिडीला साबण कोण कशाला लावेल? परत येताना जीपमध्ये मी तेच विचारत होतो. हवालदार म्हणाले, त्यांच्या बायकोच्या माहेरी इतवारीत भांड्यांचे कारखाने आहेत, तिथे पूर्वी असं काहीतरी पाहिलं होतं. जीप तशीच इतवारीला वळवली.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. ठोकाठोकीने कान बधिर झाले. एक कारागीर जर्मनच्या गोल तबकड्या घेऊन बसला होता. प्रत्येक तबकडीवर धुण्याच्या साबणाची वडी घासायचा आणि तबकडी भट्टीवर धरायचा. साबण आधी पिवळा पडायचा, मग तपकिरी, मग काळा. काळा झाला की तबकडी बाजूला.

मी विचारलं, "हे कशासाठी करता?"

"ठोकून ठोकून जर्मन कडक होते, साहेब. अजून ठोकलं तं चिरते. म्हणून तापवा लागते. पन जर्मन लोखंडासारखं लाल नाही होत, तापलं कवा ते डोळ्याले दिसत नाही. जरा जास्त झालं की भसकन वितळून जाते. म्हणून साबण. साबण काळा पडला की समजा नरम झालं. मंग वाकवा, कुठंबी वाकते. ठोकलं की पुन्हा कडक."

"हे तुम्हाला शिकवलं कोणी?"

त्याने हातातलं काम थांबवलं. "आमच्या मिस्त्रींनं. ज्यांचा पोरगा आत्ता खांबावरून पडला ना बिचारा, त्यांनं. इथल्या सगळ्यायले त्यांनंच शिकवलं."

हवालदार माझ्याकडे पाहत होते, मी भट्टीकडे पाहत होतो. मग जीप सरळ ठाण्याला घ्यायला सांगितली.

कोठडीतून जोडीदाराला बाहेर काढलं. या वेळी खुर्ची दिली. मी एवढंच म्हणालो, "शिडी मिस्त्रींनी तापवून सरळ केली होती ना?"

माझ्या मारापुढे न रडलेला तो माणूस त्या प्रश्नावर ढसाढसा रडायला लागला. मग सगळं बाहेर आलं. अपघाताच्या तीनेक आठवडे आधी ट्रकवरून उतरवताना शिडी याच्याच हातून निसटली, दगडावर आपटली आणि दांडा वाकला. ठेकेदाराने आधीच बजावलं होतं, शिडीला काही झालं तर घरी बसा. हा म्हणत होता, मालकाले सांगून टाकू, नोकरी गेली तर गेली. मयत ऐकेना. भांडण झालं ते यावरून. "तो म्हने, बाबा असताना मालकाले कायले सांगा लागते? रविवारी आम्ही हातठेल्यावर शिडी घरी नेली. काकांनं दुपारच्याले साबण लावून तापवली अन् लाकडी हातोड्यानं अशी सरळ केली साहेब, की कुठून वाकली होती ते मलेबी सापडेना. तरी चढताना जरा लवायची. मी म्हनलं, भाऊ, ही लवते. तं मले म्हने, बाबाच्या हातचं काम आहे, डोळे मिटून चढ."

"मग हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू, साहेब? शिडी माह्या हातून पडली. मी पाडली नसती तं काहीच झालं नसतं. अन् मी सांगतलं असतं तं काकाले कळलं असतं..." तो खुर्चीवरून खाली उतरला आणि माझे पाय धरले. "मले काय व्हायचं ते होऊ द्या. त्याले नका सांगू. पाया पडतो तुमच्या."

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण सहज वापरतो. इथे तर चोरच नव्हता, आणि मी संन्याशाला फासापर्यंत न्यायला निघालो होतो. मी त्याची माफी मागायला हवी होती. मागितली नाही. वर्दीत असताना जीभ तशी वळत नाही. त्याला उठवलं, चहा मागवला आणि कागद पुढे ओढले.

वरिष्ठांना सगळं जसंच्या तसं लिहून दिलं. प्राध्यापकांचा अहवाल जोडला. सरकारी वकिलांचं मत पडलं की कुणावर गुन्हा ठरत नाही. पुरावा नाही म्हणून आरोपीला सोडण्याचा अहवाल कोर्टात गेला आणि तो सुटला.

आता मिस्त्री. आरोपी सुटतोय हे त्यांना कळलं तसे ते झाडाखालून उठून सरळ माझ्या खोलीत आले. आरोपी तेव्हा तिथेच उभा होता, पेटी परत मिळाल्याची सही करायला. मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाले, "किती खाल्ले, साहेब? गरिबाच्या पोराचा जीव केवढ्यात इकला?"

मी ऐकून घेतलं. मग खोटं बोललो. नोकरीत बरंच खोटं ऐकलं, इतकं वाईट खोटं मी स्वतः कधी बोललो नसेन. म्हणालो, "शिडी कारखान्यातूनच कच्ची आली होती, मिस्त्री. कुणाचा दोष नाही."

"कच्ची? तो मिश्र माल कच्चा नाही निघत." त्यांनी मान हलवली. "मले दाखवा. चाळीस वर्षं हेच केलं मी. हातात घेतली की सांगतो."

जोडीदार मध्येच म्हणाला, "काका, राहू द्या ना." त्या एका वाक्यानेच ते जास्त हट्टाला पेटले. फिर्यादीला मुद्देमाल पाहायचा अधिकार असतो. मी काय करणार? मालखान्यातून शिडी आणवली.

कापड सोडलं. मिस्त्रींनी आधी बोटाच्या पेराने वरून दांडा वाजवायला सुरुवात केली. टण, टण, टण. खाली येत गेले. मोडलेल्या जागेशी आले आणि आवाज बदलला. थप. पुन्हा वाजवलं. थप. खिशातली किल्ली काढून त्यांनी टोकाने एक रेघ चांगल्या जागी ओढली, एक या जागी. इथे रेघ खोल गेली. मग त्यांचा अंगठा त्या ओरखड्यांवरून फिरला आणि तिथेच थांबला. आपल्या हातचं काम माणूस ओळखतो.

 

"नरमच राहिली," ते म्हणाले. मला नाही, शिडीला म्हणाले. "मार देऊनबी परत कडक नाही झाली. भांड्याचं जर्मन होते. ही काहून नाही झाली?"

मी बंदोबस्ताचं उदाहरण सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या बापाला कणांची गोष्ट काय सांगणार होतो मी?

"साबण लौकर काळा पडला, साहेब. मले वाटलं, आच वरच्यावरच लागली, आतून कच्चं राहिलं असन. पोराच्या पायाखालची वस्तू आहे म्हणून पुन्हा साबण लावला. पुन्हा तापवली. दोनदा तापवली मी." मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "लिहा माहं नाव. घाला बेड्या."

"मिस्त्री, कायद्यात हा गुन्हा नाही."

"कायद्यात नसन."

मग ते जोडीदाराकडे वळले. त्याच्या गालावर माझ्या हाताचे वळ अजून पिवळे दिसत होते. "तुले ठाऊक होतं?"

त्याने होकाराची मान हलवली.

"मंग बोलला काहून नाही गा? मी तुले फाशी मागून राहिलो होतो अन् तू बोलला नाही?"

"तुम्ही जेवले नसते, काका," तो म्हणाला.

मिस्त्रींनी त्याचं डोकं आपल्या छातीशी ओढलं आणि तेव्हा ते रडले. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच. मी खोलीबाहेर गेलो. हवालदार बाहेर उभे होते, त्यांनी तोंड फिरवून घेतलं. मीही फिरवलं.

पुढे जोडीदाराने ठेकेदाराची नोकरी सोडली आणि आपली खोलीही सोडली. तो मिस्त्रींकडेच राहायला गेला. मिस्त्री कारखान्यात परत गेले नाहीत. तीन वर्षांनी ते वारले, तेव्हा याने मुलगा म्हणून अग्नी दिला असं हवालदारांकडून कळलं. माझी तेव्हा बदली झाली होती. जाऊन यायला हवं होतं, गेलो नाही. काही गावं अशी असतात की तिथे जायला रस्ता असतो, तोंड नसतं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं पुढे ट्रेनिंगच्या पोरांनी विचारलं, की मी सांगायचो, पुरावा बोलेपर्यंत तुम्ही बोलू नका. मोडण्यामागे दर वेळी हेतू असतोच असं नाही. बरोबरच आहे ते. पण जे खरोखर शिकलो ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी मिस्त्री निघताना मी त्यांना विचारलं होतं. तपास संपला होता, विचारायची गरज नव्हती, पण ती गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. म्हटलं, मिस्त्री, ती जागा सरळ झाली होती, मग तिथे कानस कशाला मारली?

ते दारात थांबले. "दगडावर आपटली तिथं बारीक धार आली होती, साहेब. त्याचा हात कापला असता."

माझा पंचनामा त्या प्रकरणाच्या कागदांत अजून असेल. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, 'कानशीने घासल्याचे ताजे ओरखडे, घातपाताच्या उद्देशाने.' खाली माझी सही आहे.